अण्णांबरोबर कँटन फेअर, आणि दोन ताइझोऊ

बेदाणा:
दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे 22 ऑक्टोबर 2025 ला मी आणि अण्णा (वडील, वय 66) चीनला, ग्वांगझोऊच्या कँटन फेअरला (मालाचं मोठं प्रदर्शन) निघालो. आमचं तासगावात फवारणी पंप, स्पेअर पार्ट, पाइप, नोझल असलं दुकान आहे, आजोबांच्या पितळी पंपापासूनचं. बॅटरीवरचे पंप आम्ही मुंबईच्या इंपोर्टरकडनं घेतो. मी दोन वर्षं मागं लागलो होतो की तोच माल थेट आणू, आयईसी (आयात-निर्यातीचा) कोड काढलाय, जीएसटी आहे, आता नुसतं जायचंय. अण्णा हो म्हणाले पण अट एकच, लक्ष्मीपूजन दुकानातच होणार आणि वहीपूजन झाल्याशिवाय शिवेबाहेर पाऊल टाकायचं नाही.

तिकिटं काढणाऱ्या एजंटनं (नाव नको, गाव लहान आहे) सांगितलं, फेअर 15 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर, कधीही जावा. मला तेव्हाच शंका आली होती म्हणून वेबसाइट उघडून अण्णांना दाखवली की यात तीन फेज असतात, मशिनरी आणि टूल्स पहिल्या फेजमध्ये, ती 19 तारखेला संपते. अण्णा म्हणाले, अरे जत्रा काय लगेच उठती व्हय? पाळणे जातात, दुकानं राहतात. उलट शेवटी शेवटी भाव पडतो. आणि त्या दिवाळीच्या गडबडीत मी पुढं वाद घातला नाही.

तर आम्ही बँकॉकमार्गे ग्वांगझोऊला 23 ला पोचलो. कोलकाता-ग्वांगझोऊ थेट विमान 26 ला सुरू झालं, ते पण आमच्या नशिबात नव्हतं. इमिग्रेशनला बोटांचे ठसे घेतात, 14 ते 70 वयाच्या सगळ्यांचे. चाळीस वर्षं पंप खोलून अण्णांच्या बोटांवर रेघाच राहिल्या नाहीत, रेशनच्या मशीनवर पण अंगठा उमटत नाही, तिथं चिनी मशीन काय करणार. ती बाई हातानं दाखवतीय दाबा दाबा, आणि अण्णा मला मराठीत सांगतायत, हिला म्हणावं डोळ्याचं मशीन आण, तलाठ्याकडं असतंय तसलं. मागची लाइन मुंगीघाटासारखी वाढलेली. शेवटी तिनंच टिश्यूनं अण्णांची बोटं पुसली, फुंकर मारली, आणि उमटले एकदाचे.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं पाझोऊला, फेअरच्या जागी. हॉल बघून अण्णा गप्पच झाले, मोशीचं किसान प्रदर्शन ह्याच्या एका कोपऱ्यात मावेल. तिन्ही फेज मिळून 32 हजाराच्या वर कंपन्या असतात. पण त्या दिवशी तिथं होतं काय, तर कपबश्या, फुलदाण्या, कमोड, घड्याळं, सोफे. दुसरी फेज! पंपवाले सगळे चार दिवसापूर्वीच बोजा बांधून गेलेले. अख्खा दिवस चालून 'गार्डन' लिहिलेला एक भाग सापडला, अण्णा पळतच गेले, तर तिथं सिमेंटचे बुटके, दाढीवाले, टोपी घातलेले म्हातारे आणि हातात मावणारी पाणी शिंपडायची बाटली.

अण्णांनी ती बाटली हातात घेऊन पोरीला विचारलं, हिंदीत, "इसमें कितने लिटर आता है?" ती म्हणाली फाइव्ह हंड्रेड एमएल. अण्णा माझ्याकडं वळून, "अर्धा लिटर. ह्यात द्राक्षाचं एक पान भिजंल."

पुढचं रात्री लिहितो, दुकान उघडायचंय.

निम्मा_शहाणा:
जत्रा उठत नाही म्हणे :) अण्णांचा फोटो टाका राव.

पंप_हाऊस:
फेजचं लिहिलंत ते बरं केलं, हे खूप लोकांचं होतं. एप्रिलमध्ये पण तसंच असतं, तीन फेज, प्रत्येकी पाच दिवस आणि मध्ये माल हलवायला तीन दिवस सगळं बंद. माझ्या ओळखीचे एक जण नेमके त्या बंद दिवसात गेले होते, रिकाम्या हॉलबाहेर सेल्फी काढून परत. मशिनरी, इलेक्ट्रॉनिक्स, लाइट, हार्डवेअर पहिल्या फेजमध्ये. घरगुती सामान, गिफ्ट, फर्निचर दुसऱ्यात. कपडे, खेळणी, चपला, स्टेशनरी तिसऱ्यात. ढोबळमानाने हे धरून चाला पण जायच्या आधी स्वतः वेबसाइट बघा, एजंटच्या भरवशावर राहू नका.

अक्का_मिरजेची:
भाऊबीज बुडवलीत की! आत्या काय म्हणाल्या?

बेदाणा:
@अक्का, आत्या अजून बोलत नाही अण्णांशी. ओवाळणी दुप्पट घेतली तरी.

बरं पुढचं. पंपाचे कारखाने मुळात असतात झेजियांग प्रांतात ताइझोऊ शहरात, तिथला लुचाओ म्हणून भाग आहे तो फवारणी पंपासाठीच प्रसिद्ध आहे. मी फेअरच्या वेबसाइटवरनं तिथल्या एका कारखान्याला मेल केला, त्यांच्या सेल्सच्या बाईनं लगेच उत्तर दिलं की या, विमानतळावर गाडी पाठवते. मी एजंटला फोन केला की ग्वांगझोऊ ते ताइझोऊ दोन तिकिटं काढ. त्यानं काढली. तिकिटावर ताइझोऊ लिहिलेलं होतं, खोटं कशाला बोलू.

विमानतळावर सिक्युरिटीत माझी पॉवर बँक काढून घेतली. जून 2025 पासून तिथं देशांतर्गत विमानात 3सी नावाचा चिनी शिक्का नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. चांगली 20 हजार एमएएचची होती, टोपलीत टाकली, त्या टोपलीत अजून शंभरेक पडलेल्या. अण्णा टोपलीत वाकून बघत होते, म्हणाले, ह्या विकतात का रे कुठं नंतर, स्वस्तात?

उतरलो. मी वीचॅटवर (तिथलं व्हॉट्सअॅप) त्या बाईला, आम्ही पोचलो. ती, मी पण पोचले, गेट एकला पांढरी गाडी. आम्ही गेट एकला. पांढरी गाडी नाही, म्हणजे पांढऱ्या आठ गाड्या आहेत पण ही नाही. ती म्हणते मी लाल कोट घातलाय. अण्णा प्रत्येक पांढऱ्या गाडीच्या काचेवर टकटक करून "ताइझोऊ? पंप? पंप?" आणि हातानं पंप मारायची अॅक्शन. एक ड्रायव्हर घाबरून गाडी घेऊन पुढं गेला. असं अर्धा तास. शेवटी तिनं लोकेशन पाठवलं, मी उघडलं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण मधी अख्खं शांघाय दिसत होतं.

चीनमध्ये ताइझोऊ दोन आहेत. एक झेजियांगमध्ये, पंपवालं. दुसरं जियांग्सूमध्ये, तिथं औषधांच्या कंपन्या आहेत आणि पेकिंग ऑपेराचे मोठे कलाकार मेई लानफांग ह्यांचं मूळ गाव. आम्ही मेई लानफांगच्या गावात. सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या वर.

मी घरच्या ग्रुपवर टाइप केलं, "अण्णा चुकीच्या गावात उतरलेत, नंतर सांगतो". सेंड झालं आणि फोन बंद पडला.

शेंझेनची_सून:
हसून हसून मेले, पण हे खरंच होतं हां. इथे नऊ वर्षं राहतेय. सुझोऊ पण दोन आहेत (एक जियांग्सूचं बागा आणि रेशीमवालं, एक आन्हुईमध्ये), फुझोऊ पण दोन. चिनीत अक्षरं वेगळी आहेत, त्यामुळे इथल्या माणसाला गोंधळ होत नाही, आपल्या रोमन तिकिटावर मात्र दोन्ही सारखीच दिसतात. आपल्याकडे नुसतं वडगाव म्हटलं की मावळ, शेरी, बुद्रुक का पेठ वडगाव विचारावं लागतं, तसं समजा. म्हणून समोरच्याकडून पत्ता नेहमी चिनी अक्षरात मागून फोटो ठेवा आणि विमानतळाचं पूर्ण नाव विचारा. जियांग्सूवाल्याचं नाव यांगझोऊ ताइझोऊ आहे, झेजियांगवाल्याचं ताइझोऊ लुचाओ.

आणि हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअॅप, गूगल काही चालत नाही, पण भारतीय सिमचं रोमिंग असेल तर चालतं कारण ते डेटा फिरवून भारतातूनच आणतात. घरच्यांशी बोलायचं असेल तर दोघांच्याही फोनवर रोमिंग घ्या. एकावर नाही. दोघांच्या.

बेदाणा:
@शेंझेनची_सून, हे दोघांच्या फोनचं तुम्ही अण्णांना सांगा. "एकाच खोलीत राहणार दोघं, दोन पॅक कशाला" हे त्यांचं वाक्य.

रात्रपाळी:
पण मग फोन चार्ज का नाही केलात? चीनमध्ये तर कोपऱ्याकोपऱ्यावर भाड्याच्या पॉवर बँका असतात म्हणतात.

बेदाणा:
असतात की! समोरच भिंतीला मशीन होतं, त्यात बारा पॉवर बँका दिवे लावून बसलेल्या. ती घ्यायला फोननं क्यूआर स्कॅन करून अलीपेनं पैसे भरायचे. फोन बंद. मग मी तिथं उभा राहून त्या मशीनकडं नुसता बघत बसलो. चार्जर चेक-इन बॅगेत होता, तो काढला, तर बोर्डाला पिन बसायला अडॅप्टर पाहिजे, तो ग्वांगझोऊच्या हॉटेलात भिंतीलाच राहिला.

अण्णांनी मात्र एव्हाना एक नूडलचं दुकान गाठलेलं. आत जाऊन त्या मालकाला नमस्कार केला, फोन दाखवला, मान टाकून मेल्याची अॅक्शन केली. त्यानं फोन चार्जिंगला लावला, अण्णांना बसवलं आणि ग्लासभर गरम पाणी दिलं. हे गरम पाणी अण्णांना चीनमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट, स्टेशनवर, रेल्वेत, सगळीकडं फुकट. अण्णा माळकरी, त्यामुळं नूडल काय खाल्ले नाहीत, पिशवीतनं भडंग काढलं, मालकाला पण वाटीभर दिलं. त्याला इतकं आवडलं की त्यानं बायकोला आतनं बोलवून खायला लावलं. नंतर पैसे द्यायला गेलो तर अण्णांकडं शंभरच्या नोटा आणि त्याच्याकडं सुट्टे नाहीत, कारण तिथं रोख कोण देतच नाही. अण्णा म्हणतात, फोनपे विचार. शेवटी उरलेलं भडंगाचं पाकीट देऊन हिशेब मिटवला.

फोन चालू झाला आणि घरचे सत्त्याऐंशी मेसेज एकदम. आई, आत्या (भांडण विसरून), दोन मेव्हणे, शेजारचे सर, सगळे ग्रुपवर. आईनं विचारलेलं "चुकीच्या म्हणजे कुठल्या?" त्यावर एका मेव्हण्यानं उत्तर कोरिया तिथनं किती लांब आहे ते गूगल करून टाकलेलं. सर म्हणाले होते दूतावासाला ट्वीट करा, मसुदा पण तयार होता. एका काकांनी मधीच शुभ दुपारचा फुलांचा फोटो टाकलेला.

वाटाण्याची_उसळ:
मसुदा पण तयार होता!! हे सर प्रत्येक गल्लीत एक असतातच.

गुळाची_ढेप:
विषय निघालाच आहे तर आमचा एक किस्सा. आमचा मसाल्याचा धंदा, कोल्हापूर. मी आणि पप्पा दुबईला गल्फफूड प्रदर्शनाला निघालो होतो, सँपल म्हणून कांदा-लसूण मसाल्याचे तीस डबे. मुंबईच्या विमानतळावर बॅग ड्रॉपच्या लाइनीत पुढं उभ्या असलेल्या मावशी गप्पा मारता मारता म्हणाल्या, अहो यात खसखस असते ना? यूएईत खसखस बंद आहे, अफूच्या झाडाची म्हणून, लोकांना पकडतात. पप्पांचा चेहरा पांढरा. आमच्या मसाल्यात खसखस सांगून घालतात, तेच आमचं वैशिष्ट्य म्हणून ब्रोशरवर मोठ्या अक्षरात छापलंय! मग काय, तीसच्या तीस डबे तिथंच काढले, पोचवायला आलेल्या ड्रायव्हरला फोन करून परत बोलवलं. आणि आईनं वाटेत खायला दिलेले अनारसे, त्यावर पण खसखस, ते पप्पांनी उभ्या उभ्या संपवले, टाकवेना म्हणून. दुबईत आमचा अर्धा दिवस फक्त ब्रोशरवरची ती ओळ मार्करनं खोडण्यात गेला. मार्कर पण तिथला महाग.

निम्मा_शहाणा:
उभ्या उभ्या किती अनारसे संपवले ते सांगा आधी.

गुळाची_ढेप:
डबाभर. विमानात झोपले ते थेट दुबईत उठले.

सरळ_माणूस:
किस्से ठीक आहेत पण मला एक कळत नाही, आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात एवढ्या फाउंड्र्या, एवढे कारागीर असताना पंप चीनमधून आणायचेच कशाला? किर्लोस्करवाडी हाकेच्या अंतरावर आहे तुमच्या.

बेदाणा:
@सरळ_माणूस, प्रश्न बरोबर आहे, अण्णा पण हेच म्हणायचे. पितळी हातपंप आम्ही इथलेच विकले वर्षानुवर्षं. पण बॅटरीच्या पंपात प्लास्टिकची टाकी सोडली तर आतली छोटी मोटर, चार्जर, बॅटरी बहुतेक ठिकाणी तिथूनच येते, इथं जुळणी होते. शेतकरी दोनशे रुपयासाठी पुढच्या दुकानात जातो, त्याला मी काय सांगू. वेगळा धागा काढा त्यावर, मी येतो.

आता मुख्य किस्सा राहिलाय. शांघायमार्गे हायस्पीड रेल्वेनं रात्री उशिरा खऱ्या ताइझोऊत पोचलो. सकाळी कारखान्यात. ती लाल कोटवाली बाई, तिशीची असेल, अत्यंत नम्र, माझ्याशी फक्त इंग्रजीत. सँपल बघितले, 16 लिटरचा पंप, अण्णांनी तिथंच खोलला, वॉशर दाताखाली धरून बघितला, त्यांचा इंजिनियर बघतच राहिला. मग भावाला बसलो. ती म्हणाली साडेतेरा डॉलर. अण्णा मला म्हणाले, अगदी शांतपणे, चेहऱ्यावर हसू ठेवून, "बारापर्यंत जाऊ आपण, पण हिला आधी दहाच सांग, आणि उठल्यासारखं कर."

मी इंग्रजीत दहा सांगितलं. उठल्यासारखं केलं. ती हसली, चहा ओतला, आणि अण्णांकडं बघून स्वच्छ हिंदीत म्हणाली, "बैठिए अंकलजी, बारह में फायनल करते हैं."

दिल्लीत चार वर्षं होती म्हणे, एका चिनी कंपनीच्या ऑफिसात. करोल बागेचे छोले-भटुरे कुठले चांगले ते पण सांगितलं तिनं. त्याआधीचा तासभर अण्णा तिच्या समोर तिच्या कोटाबद्दल, चहाबद्दल ("नुसतं गवत उकळलंय") आणि तिच्या साहेबाच्या टकलाबद्दल जे काय बोलले होते त्यातलं किती तिला कळलं देव जाणे. दहा, बारा तर कळलंच.

माझा सगळा राग हा की रात्री हॉटेलात मी अण्णांना म्हणलो होतो, भावाचं एकानंच बोलायचं आणि दुसऱ्यानं तोंडच उघडायचं नाही, आकडा खुणेनं ठरवू. अण्णा म्हणाले, तू मला धंदा शिकवणार? बापलेक एकाच टेबलावर बसले की हेच होतं. दुकानात पण तेच, मी गिऱ्हाइकाला साडेतीन हजार सांगतो आणि हे आतनं ओरडतात, "अरे त्या पाटलांचा पाव्हणा हाय, सव्वातीनला दे." फक्त तिथं विमानाचं भाडं लागत नाही.

पंप_हाऊस:
बाराला काय काय धरून? एफओबी (तिथल्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा भाव) का? बॅटरी लेड अॅसिड का लिथियम? लिथियम असेल तर जपून, जहाजात ती धोकादायक मालात धरतात, यूएन 38.3 चा (बॅटरीच्या सुरक्षेचा) टेस्ट रिपोर्ट आणि एमएसडीएस (धोक्याचं माहितीपत्रक) मागून घ्या, शिवाय भारतात लिथियम सेलला बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी लागते. नाहीतर कंटेनर न्हावाशेव्याला अडकून डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) भरत बसाल.

बेदाणा:
@पंप_हाऊस, निंगबो बंदरापर्यंत एफओबी, लेड अॅसिड, पाचशे नग. तीस टक्के आधी टीटीनं (बँकेतून थेट), बाकी बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजात चढल्याची पावती) कॉपी आल्यावर. लिथियमचं आमच्या सीएचएनं (कस्टमच्या एजंटनं) पण हेच सांगितलं म्हणून नाहीच घेतलं. अर्थात अण्णांनी बाराला हो म्हणताना वर दोन टक्के स्पेअर फुकट मागितले, नोझल, वॉशर, बेल्ट, आणि ते मात्र हिंदीत मागितले, आता लपवायचं काय राहिलं होतं. ते मिळाले.

शेंझेनची_सून:
मग आता ती बाई आणि अण्णा संपर्कात असतील.

बेदाणा:
रोज. वीचॅटवर व्हॉइस मेसेज. तिला "बेटी" म्हणतात. माझ्या मेलला दोन दिवसांनी उत्तर येतं, अण्णांच्या व्हॉइसला पाच मिनिटांत.

आणि माल आला बरं का, मागच्या महिन्यात. कार्टनवर छापायला आमचा लोगो पाहिजे म्हणून तिनं अण्णांना विचारलं, मला नाही. अण्णांनी दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड फोटो काढून पाठवलं. कारखान्यानं इमानेइतबारे अख्खं कार्ड छापलं. पाचशे कार्टनवर वर गणपती, शुभ लाभ, दुकानाचं नाव, अण्णांचा मोबाइल नंबर, आणि खाली मोठ्या लाल अक्षरात "सोमवारी बंद राहील". पेनानं कार्डाच्या कोपऱ्यात कोणाची तरी उधारी लिहिलेली होती, "बाबू 1250 बाकी", ती पण आलीय.

निम्मा_शहाणा:
बाबूचं काय झालं मग?

बेदाणा:
दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन भरून गेला. पूर्ण 1250. आता म्हणतोय खोडा ते, पाचशे डब्यांवर कुठं खोडत बसू.

गुळाची_ढेप:
मार्कर पाठवू का, आमच्याकडं दुबईचे दोन उरलेत.